घरच्या धंद्याची वेबसाइट घरच्याच सर्व्हरवर? मग हल्ल्यांपासून ती वाचवायची कशी?

१४ जून २०२२, मंगळवार. ठाणे शहर पोलिसांची अधिकृत वेबसाइट उघडणाऱ्यांना त्या सकाळी पोलिसांची माहिती दिसलीच नाही. त्या जागी हॅकर्सचा संदेश झळकत होता. साइट हॅक झाल्याचं पोलिसांनी मान्य केलं. मग तांत्रिक तज्ज्ञांनी माहिती परत मिळवली, साइट पुन्हा सुरू झाली आणि तपासही सुरू झाला.

दिवा याच ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतं. पोलिसांच्या हाताशी निदान तज्ज्ञ तरी होते. पण दिव्यातल्या एखाद्या इमारतीत, दोन खोल्यांच्या घरातून मसाले विकणाऱ्या कुटुंबाच्या हाताशी कोण असतं? बहुतेक वेळा कॉलेजला जाणारा घरातलाच मुलगा किंवा मुलगी. त्यांनीच जुन्या लॅपटॉपवर वेबसाइट उभी केलेली असते आणि 'आपल्या एवढ्याशा साइटला कोण हात लावणार' असं सगळ्यांनीच गृहीत धरलेलं असतं.

हे गृहीतक का चुकीचं आहे? आणि फार पैसे न घालवता घरच्या सर्व्हरला सुरक्षित कसं करायचं? समजून घेऊया.

घरचा सर्व्हर म्हणजे नेमकं काय?

सर्व्हर म्हणजे वेगळं काही जादूचं यंत्र नाही. मागेल त्याला वेबसाइटची पानं देणारा, चोवीस तास चालू असलेला कॉम्प्युटर म्हणजे सर्व्हर. तो मोठ्या डेटा सेंटरमध्ये असू शकतो, तसाच तुमच्या टीव्हीच्या कपाटाखालीही असू शकतो. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर या कामाला पुरतो.

समजा, दिवा पूर्वेला राहणारं एक कुटुंब कोकम आगळ, आगरी मसाला आणि गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डर घेतं. आधी सगळं व्हॉट्सॲपवर चालायचं. ऑर्डर वाढल्या तशी वेबसाइट आली. दर वर्षी होस्टिंगचे पैसे कशाला भरायचे, म्हणून ती घरच्याच जुन्या लॅपटॉपवर ठेवली. केबलवाल्याकडून स्टॅटिक आयपी घेतला, म्हणजे घराला इंटरनेटवरचा एक कायमचा पत्ता मिळाला. आता ग्राहक थेट त्या पत्त्यावर येतात.

पण पत्ता कायमचा झाला की तो फक्त ग्राहकांनाच सापडत नाही.

'आम्हाला कोण ओळखतं?' हा प्रश्नच चुकीचा का?

चोर घर हेरून येतो, अशी आपली कल्पना असते. इंटरनेटवर बहुतेक वेळा तसं घडत नाही. तिथे चोर प्रत्येक घराची कडी हलवून बघतो आणि जी उघडी लागेल तिथे आत शिरतो. घर कोणाचं आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

हे शक्य कसं होतं? इंटरनेटच्या जुन्या, म्हणजे आयपीव्ही४ पद्धतीत एकूण साधारण ४२९ कोटी पत्ते आहेत. आकडा मोठा वाटतो. पण २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन तयार केलं आणि दाखवून दिलं की चांगल्या वेगाचं कनेक्शन असलेला एकच कॉम्प्युटर या सगळ्या पत्त्यांवरचं एखादं दार ४५ मिनिटांच्या आत तपासू शकतो. हे साधन संशोधनासाठी होतं. पण तशीच साधनं हल्लेखोरांकडेही आहेत आणि त्यांचे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, हे काम रात्रंदिवस करत असतात.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. वेबसाइटच्या नावापुढे कुलपाचं चिन्ह यावं म्हणून आपण सर्टिफिकेट घेतो. अशा प्रत्येक नव्या सर्टिफिकेटची नोंद सगळ्यांना बघता येईल अशा यादीत होते. ही सोय खोटी सर्टिफिकेट पकडता यावीत यासाठी आहे. पण त्याच यादीवर बॉटही नजर ठेवून असतात. त्यामुळे साइटची जाहिरात नातेवाइकांच्या ग्रुपवर पडण्याआधीच पहिले बॉट दार ठोठावून गेलेले असतात.

चोराला मसाल्याच्या दुकानात काय मिळणार?

बरंच काही.

पहिली गोष्ट, ग्राहकांची माहिती. नाव, मोबाईल नंबर, घरचा पत्ता, कोण कधी काय मागवतं. अशी यादी फसवणूक करणाऱ्यांना उपयोगी पडते. 'ताई, तुमच्या मोदकांच्या ऑर्डरचे पैसे आले नाहीत, या लिंकवर परत भरा' असा फोन आला आणि त्यात ऑर्डर बरोबर सांगितली, तर विश्वास बसणारच.

दुसरी गोष्ट, पैसे. साइटवर पेमेंटसाठी क्यूआर कोडचं चित्र लावलेलं असतं. हल्लेखोराने आत शिरून फक्त ते चित्र बदललं तर? साइट तशीच दिसते, ऑर्डर तशाच येतात, पैसे मात्र दुसऱ्याच्या खात्यात जातात. गणपतीच्या गडबडीत हे लक्षात यायला दोन दिवस लागले, तर वर्षाचा मुख्य हंगाम हातचा गेला.

तिसरी गोष्ट, खुद्द तुमचा कॉम्प्युटर आणि तुमचं कनेक्शन. हल्लेखोर तुमच्या मशिनवरून क्रिप्टोकरन्सीचं काम चालवतो, स्पॅम मेल पाठवतो, बनावट बँकेची पानं ठेवतो किंवा दुसऱ्यांवर हल्ले करतो. अशा वेळी तपास करणाऱ्यांना दिसणारा पत्ता त्याचा नसतो, तुमच्या घरचा असतो.

बिनकुलपाच्या यंत्रांची फौज : मिराईची गोष्ट

२०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने हेच केलं. मिराईमध्ये कुठलीही अचाट युक्ती नव्हती. कॅमेरे आणि राउटर कारखान्यातून येताना त्यांच्यावर ठरलेलं युजरनेम आणि पासवर्ड असतात, म्हणजे 'ॲडमिन-ॲडमिन' वगैरे. मिराईकडे अशा साठेक जोड्यांची यादी होती. तो इंटरनेटवर फिरायचा, एकेक जोडी लावून बघायचा आणि दार उघडलं की त्या यंत्राला आपल्या फौजेत घ्यायचा.

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच फौजेने डिन या अमेरिकी कंपनीवर हल्ला केला. वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देण्याचं काम ही कंपनी करायची. परिणाम असा की ट्विटर, नेटफ्लिक्स, स्पॉटिफायसारख्या सेवा अनेक ठिकाणी उघडेनात. मिराई लिहिणारे मात्र कोणत्याही देशाचे हेर नव्हते. ते अमेरिकेतले तीन तरुण होते. २०१७ मध्ये त्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला.

हजारो यंत्रांनी एकाच वेळी मागण्या पाठवून सेवा गुदमरवून टाकायची, या प्रकाराला डीडॉस म्हणतात. महाराष्ट्रालाही तो नवा नाही. जुलै २०१६ मध्ये मुंबईतल्या इंटरनेट सेवा कंपन्यांवर मोठा डीडॉस हल्ला झाला, अनेक ग्राहकांचं नेट मंदावलं आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला होता.

यातून घ्यायचा धडा एकच. या हल्ल्यांत वापरली जाणारी यंत्रं बहुतेक साध्या माणसांच्या घरातली आणि दुकानांतली असतात. त्यांच्या मालकांना पत्ताही नसतो.

सगळ्यात आधी : सर्व्हर घरी हवाच का?

सुरक्षेचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जे उघडं ठेवायची गरज नाही, ते उघडं न ठेवणं. म्हणून कुलपं शोधायच्या आधी हा प्रश्न विचारायला हवा.

साइटवर फक्त पदार्थांचे फोटो, दर आणि व्हॉट्सॲपचा नंबर एवढंच असेल, तर घरच्या सर्व्हरची गरज नाही. अशी साधी पानं फुकट किंवा अगदी कमी पैशात ठेवून देणाऱ्या सेवा आहेत. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, म्हणजे फोडण्यासारखंही फारसं काही नाही. वीज गेली तरी साइट चालू राहते, हा वरचा फायदा.

ऑर्डरचा हिशेब, साठा, ग्राहकांची लॉगिन असं सगळं हवं असेल आणि घरातल्या कुणाला शिकायची हौसही असेल, तर घरचा सर्व्हर ठेवायला हरकत नाही. पण मग त्याची निगा राखणं हेही धंद्यातलं काम धरायचं. मिरची कांडपाला पाठवायचा दिवस ठरलेला असतो, तसा सर्व्हर तपासायचा दिवसही ठरलेला हवा.

पहिलं दार : राउटर

घरातलं सगळं नेट राउटरमधून येतं, म्हणून सुरुवात तिथून.

केबलवाला कनेक्शन देताना राउटरचा पासवर्ड जो ठेवून गेला, तोच बहुतेक घरांत वर्षानुवर्षं राहतो. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा वेगळा. बदलायचे दोन्ही.

त्यानंतर तीन गोष्टी बघायच्या. एक, बाहेरून राउटरच्या सेटिंगमध्ये येण्याची सोय, म्हणजे 'रिमोट मॅनेजमेंट', बंद हवी. दोन, यूपीएनपी नावाची सोय बंद करायची. ती चालू असेल तर घरातलं कुठलंही यंत्र तुम्हाला न विचारता राउटरमध्ये दार उघडू शकतं. तीन, 'डीएमझेड' या सेटिंगला हात लावायचा नाही. काही व्हिडिओंमध्ये 'सर्व्हर चालत नसेल तर डीएमझेड लावा' असा सल्ला दिलेला असतो. त्याचा अर्थ त्या मशिनची सगळी दारं एकदम रस्त्यावर उघडणं.

दारं म्हणजे काय? प्रत्येक कॉम्प्युटरला ६५ हजारांहून जास्त क्रमांकांची दारं असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. वेबसाइटसाठी त्यातली दोनच लागतात, ८० आणि ४४३. राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' करताना एवढीच दोन सर्व्हरकडे वळवायची. बाकी सगळं बंद.

इथे एक अडचण आणि एक सोय, दोन्ही आहेत. अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांमध्ये वाटून देतात. स्टॅटिक आयपी न घेतलेल्या अशा घरांमध्ये बाहेरून थेट येताच येत नाही. मग काही जण 'टनेल'चा वापर करतात. क्लाउडफ्लेअरसारख्या कंपन्यांची ही सेवा आहे. यात घरचा सर्व्हर स्वतः बाहेर जोडणी करतो आणि ग्राहक त्या कंपनीमार्फत आत येतो. राउटरमध्ये एकही दार उघडावं लागत नाही, घरचा पत्ता झाकलेला राहतो आणि डीडॉसचा मारा आधी त्या कंपनीवर पडतो. छोट्या धंद्यासाठी हा मार्ग अनेकदा जास्त बरा.

दुसरं दार : सर्व्हरचं लॉगिन

लिनक्सवर चालणारा सर्व्हर दुरून हाताळायला एसएसएच नावाची सोय असते. तिचं दार क्रमांक २२. इंटरनेटवर हे दार उघडं असेल तर बॉट तिथे दिवसभर पासवर्ड लावून बघत राहतात. 'ॲडमिन', 'रूट', 'टेस्ट' ही नावं आणि '१२३४५६' असले पासवर्ड आधी.

उपाय तीन. सगळ्यात सोपा म्हणजे हे दार बाहेर उघडूच नये. सर्व्हर घरातच आहे, तर तो घरच्या वायफायवरूनच हाताळावा. बाहेरून लागलाच तर व्हीपीएनमधून यावं.

दुसरा, पासवर्डऐवजी 'की' वापरावी. की म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर ठेवलेली एक लांबलचक गुप्त फाइल. सर्व्हर तीच ओळखतो. ती अंदाजाने शोधून काढणं व्यवहारात अशक्य आहे. की बसवल्यावर पासवर्डने लॉगिन करण्याची सोय पूर्ण बंद करायची. ही शेवटची पायरी बरेच जण विसरतात आणि मग की असूनही जुनं दार उघडंच राहतं.

तिसरा, फेल२बॅनसारखा छोटा प्रोग्रॅम बसवावा. कोणी पुन्हा पुन्हा चुकीचा पासवर्ड मारत असेल, तर तो त्या पत्त्याला काही काळ अडवतो.

सर्व्हरच्या स्वतःच्या फायरवॉलमध्येही फक्त ८० आणि ४४३ उघडी ठेवावीत. डेटाबेस कधीही बाहेर उघडा नसावा. जानेवारी २०१७ मध्ये मोंगोडीबी या डेटाबेसचे जगभरातले हजारो सर्व्हर असे पुसले गेले. ते पासवर्डशिवाय उघडे होते. हल्लेखोरांनी आतला डेटा उडवून त्या जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली. अनेक ठिकाणी तर डेटाची प्रत न घेताच तो पुसला होता. म्हणजे पैसे भरूनही काही परत मिळणार नव्हतं.

डॉकर वापरणाऱ्यांसाठी एक खास सूचना. उबंटूची यूएफडब्ल्यू फायरवॉल लावली तरी डॉकरने उघडलेले पोर्ट तिला वळसा घालून बाहेर दिसू शकतात. म्हणून फायरवॉल लावली म्हणजे काम झालं असं समजू नये. मोबाईल डेटावरून, म्हणजे घराबाहेरच्या नेटवरून, आपलाच पत्ता तपासून बघावा.

अपडेट : 'उद्या करू' म्हणण्याची किंमत

दिवा जंक्शनवरून पनवेल मार्गाला कंटेनरच्या लांबच लांब मालगाड्या जाताना दिसतात. त्या वाटेवर पुढे न्हावा शेवाचं बंदर लागतं. २७ जून २०१७ रोजी या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. वादळ नव्हतं, संपही नव्हता. मर्स्क या डॅनिश समूहाशी जोडलेल्या त्या टर्मिनलचे कॉम्प्युटर नॉटपेट्या या मालवेअरने बंद पाडले होते. त्याचा उगम युक्रेनमध्ये होता, पण काही तासांत तो जगभर पोहोचला.

नॉटपेट्याच्या पसरण्याच्या वाटांपैकी एक वाट विंडोजमधल्या एका त्रुटीतून जात होती. ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दिला होता. त्याच त्रुटीचा फायदा घेऊन १२ मे रोजी वॉनाक्राय जगभर पसरला होता. म्हणजे औषध तीन महिने आधी आलं होतं, मध्ये एक मोठी साथही येऊन गेली होती आणि तरीही अनेकांनी डोस घेतला नव्हता.

अपडेट आला की त्रुटी जगजाहीर होते, ही यातली खरी मेख आहे. त्या दिवसापासून हल्लेखोर आणि तुमच्यात शर्यत लागते. म्हणून सर्व्हरवर सुरक्षेचे अपडेट आपोआप बसतील अशी सोय चालू ठेवावी. उबंटू आणि डेबियनवर ती मिळते. राउटरचा अपडेट मात्र बहुधा स्वतः जाऊन बघावा लागतो. कंपनीने ज्या राउटरला अपडेट देणं थांबवलं आहे, तो बदलणंच बरं.

वर्डप्रेस वापरत असाल तर धोका प्लगइनमध्ये जास्त असतो. सप्टेंबर २०२० मध्ये 'फाइल मॅनेजर' या प्लगइनमध्ये अशी त्रुटी सापडली की लॉगिन न करताही कोणीही सर्व्हरवर आपली फाइल टाकू शकत होतं. हे प्लगइन सात लाखांहून जास्त साइट्सवर होतं. धडा साधा आहे. जे प्लगइन लागत नाही, ते नुसतं बंद करू नका, काढून टाका. 'फुकट मिळालं' म्हणून पायरेटेड थीम तर अजिबात लावू नका. अशा थीममध्ये मागचं दार आधीच बसवलेलं असू शकतं.

ग्राहकांची माहिती : जे नाही, ते चोरीलाही जात नाही

साइटवर एचटीटीपीएस हवंच. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था त्यासाठीचं सर्टिफिकेट फुकट देते आणि त्याचं नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय करता येते. पण कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणजे साइट हॅक होणार नाही, असा अर्थ नाही. ग्राहक आणि साइट यांच्यातलं बोलणं मधल्या कुणाला वाचता येत नाही, एवढीच ती हमी.

ऑर्डर पोहोचवायला नाव, नंबर, पत्ता लागतो. जन्मतारीख, आधार क्रमांक लागत नाही. मग विचारू नये. वर्षापूर्वीच्या ऑर्डरमधले पत्ते हिशेबाला लागत नसतील तर पुसून टाकावेत. कार्डाचे नंबर तर साठवायचेच नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना ग्राहकांचे कार्ड तपशील जतन करता येत नाहीत. पेमेंट नेहमी मान्यताप्राप्त पेमेंट कंपनीच्या पानावरच व्हावं. साइटवर क्यूआर कोड लावला असेल, तर रोज सकाळी तो स्वतः स्कॅन करून नाव आपलंच येतं का, ते बघावं. दहा सेकंदांचं काम आहे.

आणखी दोन खाती सर्व्हरइतकीच मोलाची असतात. एक डोमेन नावाचं आणि दुसरं त्याच्याशी जोडलेल्या ईमेलचं. ईमेल ज्याच्या हातात, तो बाकी सगळे पासवर्ड बदलू शकतो. दोन्हींना टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलेलं असावं.

आणि सर्व्हर घरातच असल्यामुळे घरातल्या बाकीच्या यंत्रांचाही विचार करायला हवा. मुलांच्या गेमचा कॉम्प्युटर, टीव्ही आणि सीसीटीव्ही एकाच नेटवर्कवर असतील, तर एकात शिरलेला चोर दुसऱ्यात जाऊ शकतो. निदान टीव्ही, कॅमेरे आणि पाहुण्यांचे फोन राउटरच्या 'गेस्ट' वायफायवर टाकावेत.

बॅकअप : घानामध्ये वीज गेली म्हणून वाचलं

नॉटपेट्याच्या गोष्टीचा उरलेला भाग दिव्याच्या लोकांना पटकन समजेल.

मर्स्कचे जगभरातले कॉम्प्युटर पुसले गेले. कोणाला काय हाताळायचा अधिकार आहे, याची नोंद ठेवणारे सर्व्हर कंपनीने अनेक देशांत ठेवले होते. एक बिघडला तर दुसरा आहेच, असा त्यामागचा विचार. पण सगळे एकमेकांना जोडलेले होते, त्यामुळे सगळेच एकदम गेले. शेवटी एक जिवंत प्रत सापडली, आफ्रिकेतल्या घाना देशात. कारण काय, तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो सर्व्हर नेटवरच नव्हता. 'वायर्ड' मासिकाने २०१८ मध्ये ही हकीकत सविस्तर छापली. त्या प्रतीच्या आधारे कंपनी पुन्हा उभी राहिली. दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर नव्याने बसवावे लागले, असं मर्स्कचे तत्कालीन अध्यक्ष जिम हॅगेमान स्नाबे यांनी दावोसमध्ये सांगितलं होतं.

बॅकअपची निदान एक प्रत नेटपासून तुटलेली हवी, हा याचा अर्थ. एवढ्या मोठ्या कंपनीला ती नशिबाने मिळाली. घरगुती धंद्याला ती ठरवून ठेवता येते.

पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ नियम यासाठी सोपा आहे. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर. आपल्या मसालेवाल्या कुटुंबासाठी याचं रूप असं : एक प्रत सर्व्हरवर, दुसरी पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर आणि तिसरी क्लाउडवर किंवा डोंबिवलीच्या मावशीकडे. हार्ड डिस्क बॅकअप झाला की काढून कपाटात ठेवायची. जोडूनच ठेवली तर खंडणी मागणारं मालवेअर तिच्यावरही कुलूप लावतं.

बॅकअप घेतला, पण तो परत उघडतो का हे कधी बघितलंच नाही, तर तो बॅकअप नव्हे. महिन्यातून एकदा जुन्या मशिनवर तो उघडून बघावा. क्लाउडवर जाणारी प्रत पासवर्डने बंद केलेली असावी, कारण तिच्यातही ग्राहकांचे पत्ते आहेत.

कोणी आत शिरलंय, हे कळणार कसं?

सर्व्हर कामाच्या नोंदी ठेवतो. त्यांना लॉग म्हणतात. रोज वाचायची गरज नाही, पण आठवड्यातून एकदा चार गोष्टी बघाव्यात. अनोळखी वेळी यशस्वी लॉगिन झालंय का? तुम्ही न बनवलेला एखादा ॲडमिन युजर दिसतोय का? फोटोंच्या फोल्डरमध्ये फोटो नसलेली फाइल आली आहे का? ऑर्डर नसतानाही मशिन तापतंय, पंखा जोरात फिरतोय का?

कधी कधी बाहेरून कळतं. साइट उघडताना ब्राउझरमध्ये धोक्याचं लाल पान येतं किंवा गुगलवर तुमच्या मसाल्यांच्या नावाखाली भलत्याच औषधांच्या जाहिराती दिसू लागतात.

हल्ला झालाच तर?

पहिलं, नेटची वायर काढा. मशिन लगेच फॉरमॅट करू नका, कारण पुरावा त्यातच आहे. पडद्याचे फोटो घ्या आणि लॉगची प्रत बाजूला ठेवा. दुसऱ्या, स्वच्छ मोबाईल किंवा कॉम्प्युटरवरून ईमेल, डोमेन आणि बँकेचे पासवर्ड बदला.

पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे पुढे जाण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता जास्त. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यातही देता येते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ नुसार अशा हॅकिंगला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

कायदा तुमच्यावरही जबाबदारी टाकतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार, ते ज्यांना लागू आहेत अशा कंपन्या आणि संस्थांनी सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. तुमच्या धंद्याला हे कितपत लागू होतं, ते जाणकाराला विचारून ठेवलेलं बरं. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये आलेल्या कायद्यात सुरक्षेत हलगर्जी केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ही कमाल मर्यादा आहे, घरगुती दुकानाला तेवढा दंड होईल असं नाही. पण ग्राहकाचा पत्ता ही आपल्याकडे दिलेली ठेव आहे, ही त्यामागची भूमिका सगळ्यांना सारखीच लागू आहे.

त्यानंतर मशिन पूर्ण पुसून नव्याने बसवा, जुन्या चांगल्या बॅकअपवरून डेटा आणा आणि ज्या वाटेने चोर आला ती बंद करूनच साइट सुरू करा. ग्राहकांनाही सांगा. 'आमच्या नावाने पैसे मागणारा फोन आला तर भरू नका' हा एक मेसेज कुणाचे तरी पैसे वाचवू शकतो. लपवलं आणि नंतर कळलं, तर ग्राहक परत येत नाही.

मग सुरुवात कुठून करायची?

आज रात्री : राउटरचे दोन्ही पासवर्ड बदला, रिमोट मॅनेजमेंट आणि यूपीएनपी बंद करा, ईमेल आणि डोमेनला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा.

या आठवड्यात : ८० आणि ४४३ सोडून बाकी दारं बंद करा, एसएसएचला की बसवून पासवर्डने लॉगिन बंद करा, आपोआप अपडेट चालू करा, नको ती प्लगइन काढा आणि पहिला बॅकअप घेऊन हार्ड डिस्क कपाटात ठेवा.

दर महिन्याला : बॅकअप उघडून बघा, राउटरचा अपडेट तपासा, जुने पत्ते पुसा आणि मोबाईल डेटावरून आपलीच दारं एकदा हलवून बघा.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत, दोन-तीन संध्याकाळी लागतात. एवढं केल्यावर साइट अभेद्य होते असं नाही. पण बॉट प्रत्येक दाराची कडी हलवत पुढे जातो, तेव्हा तुमचं दार उघडत नाही आणि तो पुढच्या पत्त्याकडे वळतो. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मोदकांच्या ऑर्डर घेणाऱ्या घराला एवढं नक्कीच हवं असतं.